धाकट्या लक्ष्मीचं पोट

मनकर्णाबाई ही हकिगत सांगायला बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मूर्खपणा सगळा माझा होता, हे आधी कबूल करते." त्यांचे यजमान त्रिंबकराव एरवी पेपराआडून बाहेर येत नाहीत, पण तेवढ्या वाक्यापुरते येतात, मान डोलावतात आणि परत आत जातात. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढं एकमत दोघांचं दुसऱ्या कशावर झाल्याचं ऐकिवात नाही.

मूर्खपणा एका ओंडक्याचा. पण ओंडक्याच्या आधी लक्ष्म्या सांगायला हव्यात, नाहीतर ओंडक्याला काही अर्थच राहत नाही.

त्रिंबकरावांचं मूळ घर नातेपुत्याचं. थोरले भाऊ तिकडे शेती बघायचे, आणि भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या त्याही तिकडेच, थोरल्या जाऊबाई मथुराबाई यांच्या घरी. मनकर्णाबाई दरवर्षी सोलापुरातून पिशवी घेऊन जायच्या, ढीगभर पुरण वाटायच्या आणि पाठ धरून परत यायच्या. लक्ष्मीला साडी नेसवायचं काम त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. एकदा त्यांनी नुसता निऱ्यांना हात लावला, तर मथुराबाई म्हणाल्या होत्या की तुझं तुला तरी नीट नेसता येतं का ते बघ आधी. (येत नव्हतं, हा भाग वेगळा.)

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, त्या साली मथुराबाईंचे गुडघे बोलायला लागले. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी सगळ्यांसमक्ष जाहीर केलं की यंदा लक्ष्म्या सोलापूरला बसतील. मनकर्णाबाईंच्या हातातला जिलबीचा तुकडा तसाच राहिला.

"एक वरीस बगू," मथुराबाई म्हणाल्या. "नीट झालं तर ऱ्हातील तितंच. न्हाय झालं तर आमच्या आमी परत नेऊ. मग पुन्ना मागायचं न्हाय."

एवढं एकच वर्ष, आणि तेही परीक्षेचं. मनकर्णाबाई त्या दिवसापासून झोपेत सुद्धा आरत्या म्हणायला लागल्या.

मुखवटे आले, दागिने आले, पण कोठी एकच आली. कोठी म्हणजे लक्ष्मीचं धड. पत्र्याची, पोकळ, कमरेएवढी उंच. वर मुखवटा बसवायचा, अंगाला साडी गुंडाळायची आणि पोटात धान्य भरायचं. थोरलीची कोठी धड होती, धाकटीची गंजून चाळण झाली होती. ती सोलापुरात नवी घे, असा नातेपुत्याचा निरोप होता. आणि त्याच्या शेपटाला ताकीद होती की दोघींची पोटं गच्च भर, लक्ष्मीचं पोट रिकामं ठेवू नये.

आता सात रस्त्याला उभं राहिलं तर चार दुकानांत कोठ्या मिळत होत्या. पण मनकर्णाबाई स्वतःला फार हिकमती समजायच्या. तयार वस्तू विकत आणणं हे त्यांना हरल्यासारखं वाटायचं. त्यांनी फाटक्या सोलापुरी चादरीचं जाजम केलं होतं, जाजम फाटल्यावर पायपुसणं केलं होतं, आणि पायपुसणं फाटल्यावर त्याचं काय करावं याचा विचार चालू होता.

नेमक्या त्याच आठवड्यात वखारीतून बंबाची लाकडं आली. गाडीवाल्या जालिंदरने परसात ढीग ओतला आणि वर एक ओंडका ठेवून म्हणाला, बाई, ह्येच्यात कुऱ्हाड शिरत न्हाय, लई गाठीचा हाय, कोयनेकडच्या रानातनं आलाय, तसाच घाला बंबात. ओंडका कमरेएवढा उंच होता. मधे जरा बारीक, खाली रुंद, आतून पोकळ. उभा केला तर न डुगडुगता उभा राहिला. मनकर्णाबाईंनी एक पाऊल मागे जाऊन त्याच्याकडे पाहिलं. मग मान तिरकी करून पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

(हा उजेड पडलेला दिसला की त्रिंबकराव चपला घालून बाहेर पडतात. त्या दिवशी ते पाटबंधारे खात्यातल्या आपल्या टेबलाशी होते, त्यामुळे कुणी अडवायला नव्हतं.)

ओंडका न्हाणीत बंबाच्या शेजारी वाळायला उभा राहिला. धाकटी लक्ष्मी ह्याच्यावर बसणार हे मनकर्णाबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. सगळं पार पडल्यावर साडी सोडून सगळ्यांना दाखवायचं आणि तोंडात बोटं घालायला लावायची, असा बेत होता. (बोटं पुढे सगळ्यांनीच तोंडात घातली. बेत तेवढा फळला.)

मग ती सकाळ आली. मनकर्णाबाई हातात फुंकणी घेऊन बंब पेटवायला न्हाणीत गेल्या, आणि ओंडक्याच्या पायथ्याशी त्यांना कोळी दिसला.

कोळी म्हणजे आपल्या घरातला, कोपऱ्यात जाळं करून गरिबीत राहणारा नव्हे. हा बशीएवढा होता. राखाडी, केसाळ, एकेक पाय बोटाएवढा जाड, आणि उताणा पडलेला. मनकर्णाबाई पाल दिसली तरी अशी किंकाळी फोडतात की पालच पळून जाते, पण त्या दिवशी तोंडातून आवाजच फुटला नाही. पाय हलेनात, मान हलेना. हलला तो एकटा उजवा हात, आणि त्यात लोखंडी फुंकणी होती. पहिल्या फटक्याला डोळे मिटलेले होते. पुढचे किती हाणले ते त्यांना आठवत नाही, पण फरशीला चीर गेली ती अजून आहे.

आवाजाने त्रिंबकराव टूथब्रश तोंडात घेऊन आले, त्यांनी एकदा खाली बघितलं आणि तसेच मागे गेले. तोंडात फेस होता म्हणून बोलता आलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

पण शेजारच्या ईरम्मा भिंतीवरून डोकावल्या, त्यांनी बोंब ठोकली आणि तासाभरात सगळी गल्ली न्हाणीच्या दारात उभी राहिली. ईरम्मांनी तो कोळी सुपात घेतला होता आणि त्या स्वतः मारल्याच्या थाटात दाखवत होत्या. बायका विचारायच्या, कसा मारला हो. मनकर्णाबाई आधी खरं सांगायच्या, की पडला होता, मी हाणलं. पण दहाव्या बाईपर्यंत कोळी नुसता पडलेला राहिला नाही. तो अंगावर धावून आला. पंधराव्या बाईला तो बंबावरून उडी मारून आला. विसाव्या बाईला काय सांगितलं ते मनकर्णाबाई अजून लाजून सांगत नाहीत.

खरं म्हणजे एक गोष्ट त्यांना तेव्हाच खटकली होती. एवढा मोठा जीव, एवढे फटके, पण ओलसर असं काही निघालं नाही. आणि उचलला तर वजन कांद्याच्या सालीएवढं. पण भीतीने वाळून गेला असेल, अशी स्वतःची समजूत घालून त्या पुढच्या बाईला हकिगत सांगायला लागल्या.

कोळ्याचे अवशेष ईरम्मांनी चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवले. त्यांचा मुलगा विरुपाक्ष कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि तेव्हा धारवाडला कसल्याशा शिबिराला गेला होता. माझ्या पोराला पेढ्यापेक्षा किडा गोड लागतो, आल्यावर देते त्याला, असं ईरम्मा म्हणाल्या, आणि डबा फळीवर गेला.

लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी मनकर्णाबाईंनी दार लावून ओंडका पुढच्या खोलीत आणला. थोरलीच्या कोठीत गहू ओतले, गच्च भरली. मग धाकटीच्या ओंडक्यात वरून मापभर गहू टाकले. ते सगळे बाजूच्या एका भोकातून जमिनीवर आले. लाकडाची गाठ गळून तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं, ते आधी दिसलं नव्हतं. आलेल्या गव्हांना पांढरं जाळं चिकटलं होतं. गव्हाला जाळी धरली की उन्हात घालायचं, हे कुठल्याही बाईला कळतं; मनकर्णाबाईंनी कोठाराला दोन शिव्या हासडल्या आणि गहू उन्हात नेऊन पसरले. ते जाळं गव्हाचं नसेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

भोक चिंधीने बुजवावं म्हटलं तर वेळ नव्हता, करंज्या तळायच्या होत्या. मग त्यांनी भोक भिंतीकडे फिरवलं, वर तांब्या उपडा घातला, त्याला हिरवं इरकल चापूनचोपून नेसवलं आणि पोटाचा प्रश्न तसाच सोडला. साडीच्या आत कोण बघायला जातंय, असं त्यांनी थोरल्या लक्ष्मीला उद्देशून म्हटल्याचं त्यांना आठवतं.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई एसटीतून उतरल्या त्या पंचांसारख्याच. उंबऱ्यावर काढलेली लक्ष्मीची पावलं बघितली, वरचा फुलोरा बघितला, एक करंजी हलवून आतलं सारण वाजतंय का बघितलं. मग थोरल्या लक्ष्मीच्या पोटावर बोटांनी टकटक केली. "भरलीया," त्या म्हणाल्या. धाकटीपाशी वाकणार तेवढ्यात त्यांचा गुडघा करकरला. तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, "हिचं बी भरलंस न्हवं?"

"भरलं की, अक्का," मनकर्णाबाई म्हणाल्या. सणाच्या दिवशी, दोन्ही लक्ष्म्यांच्या देखत.

तेवढ्यात ईरम्मा आल्या आणि आल्या आल्या त्यांनी कोळ्याची शौर्यकथा सांगितली. उडी, फुंकणी, सगळं. मनकर्णाबाई नम्रपणे खाली बघत उभ्या राहिल्या, कौतुकाची वाट बघत. मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लक्ष्म्या दाराशी आल्या असताना जीव मारलास व्हय?"

तेवढंच बोलल्या. पण त्यानंतर दिवसभर त्या मुखवट्यांच्या लाकडी पेटीकडे अशा बघत होत्या, की मनकर्णाबाईंना पेटी नातेपुत्याच्या एसटीच्या टपावर चढलेली दिसायला लागली.

पूजनाचा दिवस मात्र झकास गेला. सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, पुरणपोळी एकही फुटली नाही. दोन्ही लक्ष्म्या अशा ठसठशीत दिसत होत्या की मथुराबाई एकदा नकळत "बरं दिसतंय" म्हणून गेल्या आणि मग तो शब्द परत घेता येईना म्हणून खोकल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्ली लोटली. मथुराबाईंना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्यांना उंच पाट दिला होता. तो त्यांनी धाकटीच्या अगदी शेजारी लावून घेतला आणि आलेल्या बायकांना तिथून न्याहाळत बसल्या.

तेवढ्यात मागच्या दारी विरुपाक्ष आला. बायकांच्या हळदीकुंकवात पुढून कसं यायचं, म्हणून बिचारा परसातून आला. हातात चिवड्याचा डबा. मनकर्णाबाई तबक घेऊनच बाहेर आल्या.

"काकू, तुम्ही ह्याला मारलं नाही," तो म्हणाला.

मनकर्णाबाईंना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे जीव मारल्याचं पाप नाही. हे आधी अक्कांना सांगावं म्हणून त्या वळल्यासुद्धा.

"ही नुसती कात आहे. टॅरँटुला म्हणतात ह्याला. ह्यातून बाहेर पडून कोळी निघून गेला, आणि तुम्ही मागे राहिलेलं पांघरूण बडवलं."

कात साप टाकतो, एवढं मनकर्णाबाईंना माहीत होतं. पण हाही टाकतो म्हणे. वाढत गेला की जुनं अंग लहान पडतं, मग उताणा पडून राहतो. बघणाऱ्याला वाटतं मेला. आणि तो शांतपणे सगळ्या पायांचे मोजे काढावेत तसं अख्खं अंग काढून टाकतो, दातांसकट. विरुपाक्षाने ती कात पाण्यात भिजवून भिंगाखाली उलगडली होती, आणि आतल्या बाजूवरून ओळखलं होतं की ही मादी आहे. हे सांगताना त्याचा चेहरा साखरपुडा ठरल्यासारखा फुलला होता.

मनकर्णाबाईंच्या हातातलं तबक हळूहळू कलायला लागलं. "मग ती आता कुठंय?"

"तुमच्याकडंच असणार. माद्या घर सोडून जात नाहीत, काकू. नर एखादा पावसाळा हिंडतात आणि मरतात, माद्या एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं संसार करतात. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, म्हणून पुष्कळ दिवस काही न खाता आतच बसून राहतात. अंग कडक झालं की मग बाहेर येतात. अंधार पडला की." त्याने आभाळाकडे बघितलं. "एव्हाना चांगलीच भूक लागली असेल तिला."

"चावते?"

"माणूस मरत नाही. पण हातपाय आखडतात, आग होते, चार दिवस कण्हायला लागतं." मग त्याने घरावरून नजर फिरवली आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "मला एकच कळत नाही. ही जात झाडाच्या ढोलीत राहते. तुमच्या घरात झाड कुठंय, काकू?"

मनकर्णाबाई सांगतात की त्या क्षणी त्यांना कानात नुसता बंब पेटल्यासारखा आवाज आला. कारण त्यांच्या घरात एक झाड होतं. ते हिरवं इरकल नेसून, नाकात नथ घालून, पुढच्या खोलीत वीस बायकांसमोर उभं होतं. आणि त्याला टेकून मथुराबाई बसल्या होत्या.

नेमके त्याच वेळी दिवे गेले.

दिवे जाण्यात काही नवल नव्हतं, त्या दिवसांत रोजच जायचे. बायकांनी सुद्धा सवयीने "गेले" म्हटलं, समया होत्याच, आणि कुणीतरी आरतीला सुरुवात केली. मनकर्णाबाई पुढच्या खोलीत आल्या त्या कशा आल्या त्यांना ठाऊक नाही. ओरडावं, तर बायकांची पळापळ, समया पडणार, फुलोरा तुटणार आणि लक्ष्म्या कायमच्या नातेपुत्याला. गप्प बसावं, तर अक्का. आणि अक्कांचे गुडघे असे की, पळा म्हटलं तरी उठायलाच अर्धी आरती व्हायची.

त्या बायकांमधून वाट काढत मथुराबाईंपाशी गेल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "अक्का, जरा उठता का?"

"आरती चालू हाय. गप ऱ्हा."

"अक्का, तिकडं बसा, वारं चांगलं येतंय."

"मला हितंच वारं लागतंय. ह्यो पदर हलतोय बग."

पदर हलत होता. वारा अजिबात नव्हता. धाकटीच्या पाठीमागून इरकलाचा काठ जरा उचलला गेला, मग खाली बसला, मग त्याहून वर उचलला गेला. मनकर्णाबाई तोंडाने आरती म्हणत होत्या. कुठली, ते कुणी विचारू नये, कारण बाकीच्या बायका दुसरीच म्हणत होत्या. आणि मग समईच्या उजेडात धाकट्या लक्ष्मीच्या खांद्यावर एक पाय आला. मग दुसरा. मग उरलेले सगळे आले, सावकाश, पाहुणीने जिना चढावा तसे. न्हाणीत जी बडवली तिच्यापेक्षा ही बोटभर मोठीच होती, नवीकोरी, अंगावर पांढरी नक्षी.

आधी ईरम्मांनी बघितलं. त्यांची आरती अर्ध्यात तुटली. मग एकेकीची तुटत गेली आणि खोलीत शांतता झाली. सोलापुरात वीस बायका एका खोलीत आणि शांतता, हे मनकर्णाबाईंनी त्याआधी अनुभवलं नव्हतं, नंतरही नाही.

ती बाई लक्ष्मीच्या खांद्यावर थांबली. मथुराबाईंचं डोकं तिच्यापासून वीतभर खाली होतं. तिने मागच्या पायांवर जोर दिला आणि पुढचे पाय उंच वर केले. पायांच्या आतल्या बाजूला पिवळेधमक पट्टे होते, हळद लावल्यासारखे.

"अव्वा," ईरम्मा पुटपुटल्या, "नमस्कार करतंय री ते. लक्ष्मीला नमस्कार करतंय."

आणि त्यांनी हात जोडले. मग शेजारणीने जोडले. बघता बघता सगळ्या खोलीने हात जोडले. दारातून विरुपाक्ष हलक्या आवाजात सांगत होता की तो नमस्कार नाही, पुढचे पाय वर केले म्हणजे ती धमकावतेय, आता चावू शकते, कुणी पाय आपटू नका, तिला दिसत कमी पण जमिनीची थरथर अंगावरच्या केसांना कळते. पण शास्त्र ऐकायच्या मनःस्थितीत त्या घटकेला कुणी नव्हतं.

मथुराबाईंनी हळूच मान वर करून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. डोळे तेवढे दुप्पट झाले.

मनकर्णाबाईंना काहीतरी करायला हवं होतं. हातात फुंकणी नव्हती, आणि असती तरी लक्ष्मीच्या खांद्यावर फुंकणी कशी हाणणार. हातात तबक होतं. संध्याकाळपासून हाताला एकच सवय लागली होती, ती हाताने पाळली. समोर जी कुणी आहे तिला हळदकुंकू. त्यांनी चिमूट भरली आणि लांबूनच त्या बाईच्या दिशेने सोडली. (नर एका पावसाळ्याचा, हे विरुपाक्षाने नुकतंच सांगितलं होतं. तेव्हा कुंकवावर तिचा हक्क किती, याचा विचार करायला सवड नव्हती.)

कुंकू अंगावर पडायच्या आत ती दिसेनाशी झाली. इतकी चपळ, की गेली हेच कळलं नाही. नुसता इरकलाचा काठ वरून खालपर्यंत शहारला आणि धाकटी लक्ष्मी पुन्हा एकटी उभी राहिली.

"हळदकुंकू घेऊन गेली," कुणीतरी म्हणालं. ते वाक्य रात्री गल्लीभर आणि सकाळी सात रस्त्यापर्यंत पोचलं होतं.

त्या गोंधळात विरुपाक्ष बरणी घेऊन आत शिरला. मनकर्णाबाईंचा हात अजून चालूच होता. समोर आलेल्या कपाळाला त्यांनी हळदकुंकू लावलं, तेव्हा ते कपाळ प्राध्यापकांचं निघालं. तो तसाच कुंकू मिरवत म्हणाला की लक्ष्मी उतरवू या, आत्ता सापडेल.

"बसलेली लक्ष्मी हलवायची न्हाय," मथुराबाई म्हणाल्या. "उद्या विसर्जन झाल्याबिगर न्हाय. ती बसलीया तर बसू दे."

त्याने सांगून बघितलं. ईरम्मांनी त्याला कानडीत काहीतरी सुनावलं, त्यावर त्याने बरणीला झाकण लावलं. त्रिंबकरावांना त्या रात्री ऑफिसातलं फार निकडीचं काम आठवलं. मथुराबाई मात्र लक्ष्म्यांच्या समोरच खाट टाकून बिनघोर घोरल्या. घरच्या सुनेने बसलेल्या लक्ष्म्यांना एकटं सोडायचं नसतं म्हणून मनकर्णाबाईही तिथेच आडव्या झाल्या. जेवणाच्या टेबलावर, पाय पोटाशी घेऊन.

दुसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता टाकून लक्ष्म्या जागच्या जागी हलवल्या आणि मुखवटे उतरले. मग साडी सोडायची वेळ आली. मनकर्णाबाईंनी ज्या क्षणाची इतके दिवस वाट बघितली होती तो हाच. त्यांनी इरकल सोडलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

मथुराबाई ओंडक्याकडे बघत राहिल्या. मग मनकर्णाबाईंकडे. मग परत ओंडक्याकडे.

विरुपाक्षाने भोकात आणि वरच्या तोंडात चिंध्या कोंबल्या आणि हातगाडीवर ओंडका उभा करून नेला. कॉलेजच्या आवारातल्या चिंचेला तो बांधून ठेवणार होता. माद्यांना जागा बदललेली आवडत नाही, म्हणून घरासकटच न्यायची. गाडीच्या मागे गल्लीतल्या निम्म्या बायका कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेल्या. एकीने तर ओटीचा खण-नारळ ओंडक्यापाशी ठेवला.

घर रिकामं झालं. मथुराबाईंनी मुखवटे धुऊन पुसले, मऊ फडक्यात गुंडाळले आणि पेटीत ठेवले. मनकर्णाबाई दाराला टेकून ती पेटी बघत होत्या. आता कडी लागेल, मग पेटी उचलली जाईल, दोनची एसटी गाठायला रिक्षा बोलवायला सांगतील.

मथुराबाईंनी कडी लावली. पेटी उचलली, आणि मनकर्णाबाईंच्या कपाटाच्या वर नेऊन ठेवली.

"ऱ्हाऊ देत हितंच," त्या म्हणाल्या. "माज्याकडं इतकी वर्सं बसल्या, पन बाया अशा श्वास धरून कदी बसल्या न्हाईत. पुढल्या साली येते मी. पुरन वाटाया."

मनकर्णाबाईंना रडूच फुटलं. आणि रडू फुटलं की त्यांच्या तोंडात काही राहत नाही, हा त्यांचा जुना रोग. त्यांनी जाऊबाईंचे पाय धरले आणि सांगून टाकलं की अक्का, मी खोटं बोलले, धाकटीच्या पोटात मी एक दाणाही भरला नव्हता, पोट रिकामंच ठेवलं होतं.

मथुराबाईंनी पिशवी काखेला लावली, चपला शोधल्या, एक घातली.

"रिकामं कुटं हुतं?" दुसरी घालत त्या म्हणाल्या. "पुढल्या साली मातर गहूच भर. त्येला पाय नसत्यात."